उकिरड्याचे शास्त्र आणि गोठ्याची गोष्ट

मराठी समीक्षेत 'माती' हा शब्द आपण फार सैल हाताने वापरत आलो आहोत. कादंबरी ग्रामीण असली की तिला मातीचा गंध येतो, लेखक खेड्यातला असला की त्याची नाळ मातीशी जुळलेली असते, आणि एखाद्या कवीविषयी सांगण्यासारखे काही उरले नाही की तो 'या मातीतला' ठरतो. ही माती काळी की तांबडी, चिकण की मुरमाड, तिच्यात ओल किती दिवस टिकते आणि तिच्यात कोण कोण राहते, हे विचारण्याची आपली रीत नाही. प्रस्तुत लेखकाच्या हातूनही हा अपराध अनेकदा घडला आहे, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

गेल्या पावसाळ्यात दोन पुस्तके लागोपाठ वाचण्याचा योग आला आणि या सवयीची लाज वाटू लागली. पहिले इंग्रजी, 1931 सालचे, आमच्या इंदुरातच सिद्ध झालेले : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड यांचे 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अॅग्रिकल्चर'. दुसरे त्यानंतर बरोबर चाळीस वर्षांनी आलेले मराठी : आनंद यादव यांची 'गोतावळा' ही कादंबरी, 1971. एक शास्त्रीय ग्रंथ, दुसरी ललित कृती. एक माळव्यातली, दुसरी कोल्हापूरकडची. त्यांना एकत्र बांधणे काहींना ओढाताणीचे वाटेल. परंतु ही दोन्ही पुस्तके एकाच वर्तुळाविषयी आहेत, असे माझे मत झाले आहे. जनावर, माणूस, पीक आणि माती यांचे ते वर्तुळ एका पुस्तकात मोजले आहे, दुसऱ्यात ते तुटताना दिसते.

इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री'ची स्थापना 1924 सालची. मध्यवर्ती कापूस समितीचा पैसा आणि होळकर दरबारने दिलेली सुमारे तीनशे एकर जमीन यांवर ती उभी राहिली. हॉवर्ड त्यापूर्वी, 1905 पासून, बिहारातील पुसा येथे होते. गव्हाच्या जातींवरील त्यांचे आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांचे तेथील कार्य प्रसिद्ध आहे. कपाशीवर संशोधन करण्यासाठी नेमलेल्या या माणसाने इंदुरात आल्यावर कपाशीपेक्षा तिच्याखालच्या जमिनीकडे अधिक पाहिले. माळव्याची काळी जमीन ही साधी जमीन नव्हे. बेसाल्टच्या खडकापासून झालेली ही माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात तीत पाय ठेवला तर चप्पल तेथेच राहते. भेगांतून वरची माती खाली पडते आणि खालची फुगून वर येते, म्हणून ती स्वतःच स्वतःला नांगरते असे म्हणतात. परंतु अतिपावसात ती गुदमरते. तिच्यातली हवा संपली की तिच्यात राहणारे असंख्य सूक्ष्म जीव आणि पिकाची मुळे दोन्ही उपाशी पडतात. आमचे जुने माळवी शेतकरी पुष्कळशी जमीन पावसाळाभर पडीक ठेवीत आणि तिने साठवलेल्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा काढीत, यामागे शेकडो वर्षांचे हे निरीक्षण होते. हॉवर्डांनी प्रथम पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था लावली आणि मग विचारले, या मातीला खायला काय घालावे?

ग्रंथाचा गाभा म्हणजे या प्रश्नाचे उत्तर. जगभर ते 'इंदूर पद्धत' या नावाने ओळखले जाते. (आपल्या गावाचे नाव सराफ्यातील खाद्यपदार्थांखेरीज आणखी कशासाठी जगात गेले असेल, याची कल्पना येथील फार थोड्यांना आहे.) पद्धत सांगायला सोपी आहे. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोनच फूट खोल असा उतरत्या कडांचा खड्डा. त्यात पालापाचोळा, तण, धसकटे, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या यांचे थर. त्यांवर शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, लाकडाची राख आणि पाणी. पऱ्हाट्या टणक असतात, त्या एरवी कुजता कुजत नाहीत. म्हणून त्या रस्त्यावर अंथरून त्यांवरून बैलगाड्या जाऊ द्यायच्या, चाकांखाली त्या आपोआप चेचल्या जातात. तीन महिन्यांत तीन वेळा खड्डा उलथायचा. प्रथम बुरशी कामाला लागते, ढीग तापतो, त्यावर पांढुरकी साय धरते. नंतर जिवाणूंची पाळी येते आणि ढीग काळपट, भुसभुशीत होतो. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, तेव्हा तेच काम जमिनीवर ढीग रचून करायचे. खड्डा फार खोल केला तर तळाशी हवा पोहोचत नाही, म्हणून दोन फूट. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण आरंभी तेहेतीसास एक असे असावे, म्हणून थरांचा हिशेब.

यात नवे काय, असे कोणी विचारील. चीनमध्ये शतकानुशतके हेच चालत आले होते, एफ. एच. किंग या अमेरिकन अभ्यासकाने 1911 सालच्या आपल्या पुस्तकात त्याचे वर्णन केले होते आणि हॉवर्ड ते ऋण मान्य करतात. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे काड अमोनियम सल्फेटने कुजवून कृत्रिम शेणखत करण्याचे प्रयोग झाले होते. आपल्याकडचा उकिरडा तर वेदकाळापासूनचा म्हटला तरी चालेल. नवीनता जोडणीत आहे. चिनी शेतकऱ्याचा अनुभव, युरोपीय रसायनशास्त्र आणि माळव्यातल्या गोठ्यात प्रत्यक्ष मिळणाऱ्या वस्तू यांचा मेळ घातला गेला, आणि तोही असा की विकत घ्यावे लागणारे रसायन त्यातून वगळले गेले. आपल्या खेड्यात शेणाच्या गोवऱ्या जाळल्या जातात याबद्दल साहेब लोक तेव्हा नुसती हळहळ करीत. या ग्रंथात त्याऐवजी थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कसा कुजवता येईल हे दाखवले आहे, म्हणजे उरलेल्या शेणाने चूल पेटायला हरकत नाही. शेतकऱ्याच्या घरातली चूल शास्त्रज्ञाच्या हिशेबात धरली गेली, याचे मोल मला फार वाटते.

आता गद्याविषयी. या ग्रंथाची भाषा कोरडी आहे, वेळापत्रकाची आहे. अमुक दिवशी हे करावे, तमुक दिवशी ते. इतक्या टोपल्या, इतक्या बादल्या. वाङ्मयाच्या वाचकाला पहिली पन्नास पाने जड जातील. परंतु त्या कोरडेपणात मला एक शिस्त दिसू लागली. येथे मातीला कोणी 'माता' म्हणत नाही. तिला जिवंत प्राण्यांची वस्ती मानून त्या वस्तीला हवा, पाणी आणि अन्न केव्हा कमी पडते, एवढेच पाहिले जाते. लेखक मातीविषयी भावना व्यक्त करीत नाहीत, तिची काळजी घेतात. हा फरक आपल्या ग्रामीण म्हणविणाऱ्या पुष्कळ कवितेला शिकण्यासारखा आहे.

हॉवर्ड 1931 मध्ये इंदूर सोडून मायदेशी गेले, 1934 मध्ये 'सर' झाले आणि 1940 साली त्यांनी 'अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' लिहिला. जगाने वाचला तो हा ग्रंथ. इंग्लंडात लेडी ईव्ह बाल्फोर, अमेरिकेत रोडेल यांनी पुढे सेंद्रिय शेतीची जी चळवळ उभारली, तिने हॉवर्डांना आपल्या आद्य पुरुषांत गणले. 'टेस्टामेंट' हा निःसंशय मोठा ग्रंथ आहे. अरण्यात निसर्ग कशी शेती करतो याचे त्याच्या आरंभीचे वर्णन कोणत्याही ललित निबंधाच्या तोडीचे आहे, आणि बुरशीचे धागे व झाडाची मुळे यांच्या सहजीवनावरील त्याचा भर पुढच्या संशोधनाने बव्हंशी योग्य ठरवला. तरीही दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवले तर मी पहिल्याच्या बाजूचा आहे. दुसऱ्यात इंदूर हे गाव उरत नाही, ते एका सिद्धान्ताचे नाव होते. चहाचे मळे, कॉफीचे मळे, आफ्रिका, इंग्लंड अशी साम्राज्याची प्रदक्षिणा सुरू होते. विरोधकांवर कोरडे ओढले जातात. मातीपासून थेट राष्ट्राच्या आरोग्यापर्यंत उडी घेतली जाते आणि त्या उडीला पहिल्या ग्रंथातल्यासारखा टोपल्या-बादल्यांचा आधार नसतो. प्रयोग करणारा माणूस प्रवचन करू लागला की त्याचे श्रोते वाढतात आणि हिशेब ढिला होतो.

आणि मुखपृष्ठावर नाव एकच उरते.

यशवंत वाड हे संस्थेतले रसायनशास्त्राचे प्रमुख सहायक. नावावरून तरी आपल्यातलेच. 'वेस्ट प्रॉडक्ट्स'च्या मुखपृष्ठावर त्यांचे नाव हॉवर्डांच्या बरोबरीने छापले आहे. इंग्रजी अमदानीत एका साहेबाने हाताखालच्या देशी सहायकाला सहलेखक करावे ही हॉवर्डांच्या मनाची थोरवी, हेही नमूद केले पाहिजे. ग्रंथातील रासायनिक प्रक्रियेचे प्रकरण, ज्यावर सारी पद्धत तोलली आहे, ते वाडांच्या प्रयोगशाळेतून आले असावे, असा माझा तर्क आहे. हॉवर्ड गेल्यावरही वाड थांबले नाहीत. संस्थेतील जॅक्सन यांच्यासह वस्तीतला केरकचरा व मैला यांचे याच पद्धतीने खत करण्याविषयी त्यांनी 1934 साली 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये लेख लिहिला. इंदूर शहराला आज स्वच्छतेची एवढी बिरुदे मिळतात, त्या शहराच्या कचऱ्याचा विचार नव्वद वर्षांपूर्वी करणारा हा माणूस. 'टेस्टामेंट'मध्ये त्याचे नाव संदर्भसूचीत जाऊन बसले. परंतु साहेबाला बोल लावण्याआधी आपण आपल्याकडे पाहावे. होळकरशाहीतील मराठी मंडळींवर आपण गौरवग्रंथ काढले, स्मरणिका काढल्या. दिवाण, न्यायाधीश, गवई, चित्रकार, क्रिकेटपटू सगळे त्यांत आहेत. माझ्या वाचनात आलेल्या अशा एकाही स्मरणिकेत वाड मला भेटले नाहीत.

याचे कारण माझ्या मते आपल्या वसाहतीच्या घडणीत आहे. जुन्या मराठी दप्तरांत गावाचे दोन भाग सांगतात : 'पांढरी' म्हणजे घरांची वस्ती आणि 'काळी' म्हणजे पिकाची जमीन. आपण माळव्यात, ग्वाल्हेरीत, बडोद्यात आलो ते पांढरीचे लोक म्हणून. फौजेत, दप्तरात, देवळात, पुढे शाळा-कचेऱ्यांत. काळीशी आपला संबंध वसुलीच्या आकड्यांपुरता. माझ्या आजोबांकडे सांवेर परगण्यात थोडी जमीन होती. तिचे उत्पन्न ते शेवटपर्यंत वहीत टिपत, पण त्या शेतात ते कधी अनवाणी उतरल्याचे घरात कोणाला आठवत नाही. अशा समाजाला उकिरड्यावर आयुष्य घालवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाचा अभिमान कसा वाटावा? 1935 साली हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने गांधीजी इंदुरास आले असता ही संस्था आणि तेथले खत मुद्दाम पाहून गेले. साहित्यिकांना तेथे जाण्याची आवश्यकता तेव्हाही वाटली नसावी, आजही वाटत नाही.

ग्रंथाची मोठी उणीवही याच जागी आहे. खड्डा भरणारे, उलथणारे, शेण उचलणारे हात त्यात मजुरीच्या हिशेबात दिसतात, माणसे म्हणून दिसत नाहीत. आपल्या देशात घाणीला कोणी हात लावायचा हे जातीने ठरवलेले होते. मैल्याचे आणि मेलेल्या जनावराचे खत ही कल्पना चीनमध्ये केवळ तंत्राची बाब असेल. आपल्याकडे ती ज्यांच्या माथी मारली जाणार ते कोण, हे 1931 साली इंदुरात राहणाऱ्या कोणालाही ठाऊक असले पाहिजे. लेखक या प्रश्नाला शिवत नाहीत. टाकाऊ वस्तूचे मोल वाढवणाऱ्या शास्त्राने ती वस्तू उचलणाऱ्याचे मोल आपोआप वाढत नाही.

येथे 'गोतावळा' उपयोगी पडते. नारबा हा मळ्यावरचा गडी. तो स्वतःच आपल्या बोलीत सगळे सांगतो. त्याला बायको नाही, घर नाही. बैल, म्हशी, कुत्रा, कोंबड्या, पाखरे आणि उभे पीक हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो. मग एकेक जनावर मळ्यातून नाहीसे होत जाते आणि नारबा एकटा पडतो. आजवर या कादंबरीकडे यंत्रयुगाने केलेली भावनिक परवड म्हणून पाहिले गेले, आणि ते वाचन चुकीचे नाही. परंतु हॉवर्ड-वाड वाचून ताज्या डोळ्यांनी ती हाती घेतली तेव्हा मला तीत एक वेगळाच हिशेब दिसला. इंदूर पद्धतीचा पहिला धागा कोठे आहे? बैलाच्या पायाखाली. गोठ्यात सहा इंच माती अंथरायची, तीत मूत मुरू द्यायचे आणि काही महिन्यांनी ती काढून खड्ड्याला द्यायची. मग बैलांचेच शेण, बैलांच्याच गाडीखाली चेचलेल्या पऱ्हाट्या, गव्हाणीतून उरलेली चघळ. बैल काढून घेतला की हे सारे शास्त्र मुळापासून उखडते. ट्रॅक्टर मूत देत नाही. नारबाला जे दुःख होते ते मुक्या जिवांच्या मायेचे आहेच, पण त्याच्या नकळत त्या दुःखात जमिनीच्या उपासमारीची चाहूलही आहे. हॉवर्ड-वाड यांनी बैल गृहीत धरला होता. तो जाऊ शकतो, ही शंका त्यांच्या ग्रंथाला शिवलेली नाही. आनंद यादवांनी बैल जाताना पाहिला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. नारबाच्या दृष्टीत मालक हा केवळ तोडणारा आहे. मालकाने ट्रॅक्टर का आणला, बैलजोडीचा वर्षाचा वैरणखर्च किती, मजुरी किती, उसाचा भाव काय, याचा हिशेब नारबाच्या निवेदनात येऊ शकत नाही. पहिल्या पुरुषी निवेदनाची ती मर्यादा आहे आणि शक्तीही. मला मात्र ती मर्यादा काही ठिकाणी खटकली. जनावरांवरची माया इतकी दाट होते की मळ्यातली माती तिच्याखाली झाकली जाते.

माळव्यात पुढे काय झाले, हे थोडक्यात सांगतो. 1970 नंतर सोयाबीन आले. पावसाळ्यात पडीक राहणारी काळी जमीन खरिपात पेरली जाऊ लागली, शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळला, आणि रब्बीसाठी ओल उरेना म्हणून तो नलिकाकूपांकडे वळला. पावलोपावली पाणी असल्याची ज्या प्रदेशाची म्हण, त्यातल्या देवासला 1990 च्या उन्हाळ्यात आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच देवास जिल्ह्यात 2006 पासून शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात हजारोंनी तळी खोदली आणि पुष्कळ ठिकाणी पाणी परत आणले. मनुष्यसमाज आपली चूक ओळखून वागणूक बदलू शकतो, याचा हा आपल्या डोळ्यांदेखतचा दाखला. मातीच्या बाबतीत मात्र तो फेरविचार तितकासा झालेला नाही. गहू आता यंत्राने कापला जातो, उंच धसकटे शेतात उभी राहतात, त्यांना इकडे 'नरवाई' म्हणतात, आणि बंदी-दंड असूनही दर चैत्र-वैशाखात ती पेटवली जाते. उज्जैनच्या रस्त्याने रात्री गेलो तर दोन्ही बाजूंना हॉवर्ड-वाड यांचा कच्चा माल जळताना दिसतो.

शास्त्रही पुढे गेले आहे. हॉवर्ड-वाड ज्याला 'ह्यूमस' म्हणत तो एक विशिष्ट, तयार करता येणारा पदार्थ आहे अशी त्यांची धारणा होती. 2015 च्या सुमारास या कल्पनेवर गंभीर आक्षेप घेतले गेले. मातीतले सेंद्रिय द्रव्य म्हणजे सतत मोडत जाणाऱ्या अवशेषांची एक साखळी आहे, सूक्ष्म जीवांचे मृतदेह आणि स्राव चिकणमातीच्या कणांना चिकटून राहतात म्हणून ते टिकते, असे आता अनेक अभ्यासक मानतात. याने इंदूर पद्धत खोटी ठरत नाही. खत तसेच होते, पीक तसेच येते. परंतु 'एकदा चांगले खत घातले की जमिनीत भांडवल साठले' हा विश्वास ढळतो. वस्तीला रोज अन्न लागते. नारबाला हे कोणी सांगावे लागले नसते, तो रोज वैरण घालीत होता.

मित्रमंडळींपैकी काहींनी सुचवले की हॉवर्ड-वाड यांचा ग्रंथ आपल्या मंडळाने मराठीत आणावा. मी दोन प्रकरणे करून पाहिली आणि अडलो. आमची इंदुरी मराठी गोठ्यापाशी मुकी होते. 'बेडिंग', 'लिटर', 'चार्जिंग द पिट' यांना आमच्याकडे एकतर संस्कृत शब्द निघतात किंवा हिंदी. शेवटी 'गोतावळा' उघडून शेजारी ठेवली आणि नारबाचे शब्द एका वहीत उतरवायला घेतले. सध्या ती वही 'ग'पर्यंत आली आहे. ज्या वाचकांच्या घरी अजून गोठ्यातले शब्द जाणणारे कोणी वडीलधारे असेल, त्यांनी ते कळवल्यास मी आभारी होईन.